कोल्हापूरहून इंग्लंड : शेतकरी आईवडिलांच्या पहिल्या परदेशवारीची तयारी

पंचगंगाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझे आईवडील करवीर तालुक्यातल्या आमच्या गावाहून नुकतेच लेस्टरला, माझ्या धाकट्या बहिणीकडे, सुखरूप पोहोचले. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास होता. व्हिसाच्या अर्जापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतची सगळी तयारी आम्ही कोल्हापुरात बसून केली. त्या काळात एक गोष्ट सतत जाणवत राहिली, ती अशी की इंग्लंडच्या व्हिसाबद्दल मराठीत जे वाचायला मिळते ते बहुतेक नोकरदारांसाठी लिहिलेले असते. पगारपत्रक जोडा, फॉर्म सोळा जोडा, कंपनीचे रजेचे पत्र जोडा, असे त्यात सांगितलेले असते. ज्यांच्याकडे ऊस आहे, दावणीला दोन म्हशी आहेत आणि सेवा सोसायटीचे पीककर्ज आहे, त्यांनी काय जोडायचे? हा धागा त्यांच्या मुलामुलींसाठी आहे.

शेतकऱ्याला व्हिसा मिळत नाही, हा आपल्याकडे पसरलेला समज चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मुख्यतः एवढेच पाहायचे असते की प्रवासाचा खर्च कोण करणार, तो पैसा कोठून आला आणि ही माणसे मुदतीत परत येतील का. शेतकरी कुटुंबाकडे या प्रश्नांची उत्तरे भक्कम असतात. फक्त ती सातबाऱ्यात, पासबुकात आणि कारखान्याच्या बिलात विखुरलेली असतात, आणि ती एका जागी आणून इंग्रजीत मांडण्याचे काम आपल्याला करावे लागते.

सर्वांत जास्त वेळ बँकेच्या खातेउताऱ्याला दिला. वडिलांच्या जिल्हा बँकेच्या खात्यावर वर्षातून मोजक्याच वेळा मोठ्या रकमा जमा होतात, कारण कारखान्याकडून उसाचे बिल येते, त्यातून सोसायटीचे कर्ज वळते होते आणि उरलेली रक्कम खात्यावर पडते. अर्जाच्या तोंडावर कोणाकडून तरी उसने पैसे घेऊन शिल्लक फुगवण्याचे प्रकार सर्रास होत असल्याने, ज्याला आपली पद्धत माहीत नाही त्याला ही प्रामाणिक जमासुद्धा संशयास्पद वाटू शकते. म्हणून आम्ही उताऱ्याच्या झेरॉक्सवर प्रत्येक मोठ्या जमेसमोर क्रमांक घातला आणि त्याच क्रमांकाने मागे कारखान्याचे बिल, उसाच्या वजनाच्या पावत्या आणि सोसायटीचा कर्जखात्याचा उतारा लावला. बिलाची रक्कम, त्यातून कापलेले कर्ज आणि खात्यावर आलेली रक्कम यांचा मेळ कोणालाही दोन मिनिटांत घालता यावा, अशी ती मांडणी होती. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी होते, त्यामुळे उत्पन्नातला नियमितपणा त्यातून चांगला दिसतो. गावच्या दूध संस्थेच्या सचिवांकडून वर्षभराच्या दुधाचा व रकमेचा दाखला संस्थेच्या शिक्क्यानिशी घेतला. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे वडिलांचे आयकर विवरणपत्र नाही, हेही सोबतच्या पत्रात एका वाक्यात स्पष्ट लिहिले.

इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण भाषांतर द्यावे लागते. भाषांतर मूळ मजकुराशी तंतोतंत जुळते असे भाषांतरकाराने लिहून द्यायचे असते, आणि खाली त्याचे पूर्ण नाव, सही, तारीख व संपर्काचा तपशील असावा लागतो. सातबारा व आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) डिजिटल स्वाक्षरीचे काढले. एका उताऱ्याला पंधरा रुपये लागतात आणि तलाठ्याच्या सहीसाठी थांबावे लागत नाही. भाषांतर करून घेताना गुंठे आणि आर यांच्यापुढे एकरातले क्षेत्रही लिहायला सांगावे, कारण ते वाचणाऱ्याला चटकन कळते.

परत येण्याच्या कारणांबद्दल लिहिताना मोठमोठी वाक्ये लिहू नयेत. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो, त्याआधी वडिलांना शेतावर हजर असणे भाग आहे, तोपर्यंत जनावरे व भांगलण चुलते पाहणार आहेत, असे आम्ही लिहिले आणि चुलत्यांचे सहीचे पत्र जोडले.

अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर इंग्रजीतच भरायचा असतो. प्रवासाच्या तारखेच्या तीन महिन्यांपेक्षा आधी तो करता येत नाही, आणि बोटांचे ठसे व छायाचित्र दिल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. ठसे देण्याचे केंद्र कोल्हापुरात नाही; आपल्याला पुणे जवळचे. त्या केंद्रात जादा पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या बऱ्याच सोयी असतात, त्यांपैकी कोणतीही सक्तीची नाही. पासपोर्टवरचे नाव आणि इतर कागदांवरचे नाव यांत फरक असेल, विशेषतः आईच्या माहेरच्या व सासरच्या नावांमुळे, तर अर्ज करण्याआधीच तो निस्तरून घ्यावा.

सामान, मुंबईपर्यंतचा प्रवास आणि विमानतळावरची व्यवस्था यांवर इतरांनीही लिहावे, अशी विनंती आहे.

फडकरी

ताई, फार उपयुक्त धागा. आमच्याकडे जमीन अजून सामाईक खात्यात आहे. सातबाऱ्यावर आजोबांच्या सर्व वारसांची नावे आहेत आणि वाटणी तोंडी झालेली आहे. अशा वेळी वडिलांचे उत्पन्न स्वतंत्रपणे कसे दाखवायचे?

पंचगंगाकाठ

दादा, आमच्याही जमिनीच्या एका गटाची स्थिती अशीच आहे. जमीन सामाईक असली तरी कारखान्याकडची उसाची नोंद बहुधा ज्याच्या त्याच्या नावाने असते आणि बिलही त्याच नावाने निघते. त्यामुळे सातबारा हा मालकीचा पुरावा म्हणून द्यावा आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणून बिलांवर भर द्यावा. तोंडी वाटणी कशी झाली आहे आणि वडील किती क्षेत्र कसतात, याचे साधे निवेदन सर्व भावांच्या सह्यांनी करून घेता येईल. खोटे काहीच लिहायचे नाही, परंतु खरे असलेले काही सांगायचे राहू द्यायचे नाही, एवढे तत्त्व आम्ही पाळले.

इचलकरंजीकर

शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून आभार, कारण याच मुद्द्यावर मला सर्वांना सावध करायचे आहे. माझ्या सासऱ्यांच्या अर्जाच्या वेळी एका एजंटाने आम्हाला सांगितले होते की, खात्यावर काही लाख रुपये महिनाभर ठेवायची व्यवस्था तो करील आणि एका दुकानातल्या नोकरीचे पत्रही मिळवून देईल. आम्ही नकार दिला आणि अर्ज स्वतः भरला. अशा सल्ल्यातला धोका लोकांना कळत नाही. कागद अपुरे पडून व्हिसा नाकारला गेला, तर अपिलाची सोय नसली तरी नीट तयारी करून पुन्हा अर्ज करता येतो. मात्र खोटा कागद दिल्याचे सिद्ध झाले तर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. ती बंदी एजंटावर येत नाही, आपल्या म्हाताऱ्या माणसांवर येते, आणि पुढे मुलीच्या घरच्या कोणत्याही कार्याला त्यांना जाता येत नाही. पूर्वी कधी नकार आला असेल तर तोही अर्जात लपवू नये.

मिडलंड्सवासी

मी मूळची कागलची, गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये आहे. इकडच्या बाजूचे थोडे लिहिते.

बोलावणाऱ्याने आपले निमंत्रणपत्र, व्हिसाचा किंवा नागरिकत्वाचा पुरावा, पगारपत्रके, बँकेचा उतारा आणि घराचा भाडेकरार पाठवावा. पाहुणे नेमके कोठे राहणार, त्यांना स्वतंत्र खोली आहे का, विमानाचे तिकीट कोण काढणार आणि इथला खर्च कोण करणार, हे पत्रात निःसंदिग्ध असावे. पत्र लेकीचे आणि अर्ज वडिलांचा, अशा दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या गेल्या तर तेवढ्यावरून शंका निर्माण होते. म्हणून दोघांनी एकमेकांचे कागद वाचूनच पुढे पाठवावेत.

बाळंतपणासाठी येणाऱ्या आयांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट आहे. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. आजीने थोड्या दिवसांच्या मुक्कामात नातवंडाला मांडीवर घेणे, न्हाऊ घालणे, लेकीला हातभार लावणे यात काहीच गैर नाही, पण मुलगी नोकरीवर परत जाणार आणि आजी महिनोन्‌महिने पाळणाघर चालवणार, असा अर्थ निघाला तर अडचण होते. सहा महिन्यांची परवानगी आहे म्हणून सहाही महिने राहण्याचा बेत पहिल्याच फेरीत सांगू नये, आणि खरोखर जेवढे राहायचे आहे तेवढेच लिहावे. दोन, पाच किंवा दहा वर्षांचा व्हिसा काढला तरी एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. क्षयरोगाची तपासणी सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामासाठी लागते, पाहुण्यांना लागत नाही. त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

आरोग्यविमा सक्तीचा नसला तरी माझ्या मते साठी ओलांडलेल्या माणसाने त्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नये. इथे तातडीच्या विभागात होणारे प्राथमिक उपचार सर्वांना मोफत असतात, परंतु पाहुण्याला रुग्णालयात दाखल करावे लागले तर सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते. रक्तदाब, मधुमेह, पूर्वीची शस्त्रक्रिया, जे असेल ते विमा घेताना सांगावे. न सांगितलेल्या आजाराचा दावा कंपनी मान्य करीत नाही.

गूळखडा

सामानाबद्दल मी लिहितो, कारण आमच्या घरी सर्वांत जास्त वाद याच विषयावर झाला.

भारतातून इंग्लंडमध्ये जाताना प्रवाशाला मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणजे घरचे कढवलेले तूप नाही, पेढे नाहीत, खव्याची बर्फी नाही आणि मटणाचे लोणचेही नाही. लेकीसाठी प्रेमाने केलेला डबा तिथे उघडून कचऱ्यात टाकला जाताना पाहणे कोणत्याही आईला सोसणार नाही, म्हणून हे घरातच समजावून सांगावे. आमच्या आईने त्यावर चांगला मार्ग काढला. डिंकाचे लाडू इथे वळण्याऐवजी तिने डिंक निवडून, खारीक कुटून, गूळ किसून वेगवेगळ्या पुड्या बांधल्या आणि तूप तिथल्या दुकानातले घेऊन लेकीच्या स्वयंपाकघरात लाडू वळले. बाळंतिणीला लाडू ताजे मिळाले आणि विमानतळावर कोणापुढे उत्तर देण्याची वेळ आली नाही.

त्या लाडवांतले खोबरे मात्र तिथेच विकत घ्यावे. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असल्याने ते आपोआप तापून पेट घेण्याचा धोका असतो, आणि विमानवाहतुकीच्या नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते. खोबऱ्याच्या वाट्या हातातल्या बॅगेतही नकोत आणि मोठ्या बॅगेतही नकोत. कांदा-लसूण मसाला व लाल तिखट मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून ठेवावे. हातातल्या बॅगेत तिखट व लोणचे सुरक्षा तपासणीत काढून घेतले जाते. कोल्हापुरी गूळ न्यायला हरकत नाही, परंतु ढेप नेण्यापेक्षा लहान वड्या न्याव्यात. भडंग, चकल्या, कडबोळी, मेतकूट, सांडगी मिरची हे सगळे व्यवस्थित गेले. ताजी फळे व भाज्या यांचे नियम फळागणिक वेगळे आहेत, म्हणून त्या भानगडीत पडूच नये.

पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवायची असते. तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, विजेचा दाब आपल्यासारखाच असतो, त्यामुळे फक्त अडॅप्टर लागतो.

उजळाईवाडी

कोल्हापूर ते मुंबई या टप्प्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि विमान चुकण्याचा खरा धोका याच टप्प्यात असतो. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरणे वयस्कर माणसांना त्यातल्या त्यात सोयीचे पडते, कारण आडवे होता येते आणि स्वच्छतागृह जवळ असते. दादरला उतरून टॅक्सीने विमानतळ गाठता येतो. मात्र सकाळी गाडी पोहोचणार आणि दुपारी विमान, असा घट्ट हिशेब करू नये. रात्रीचे विमान असेल तर दिवसभर नातेवाइकांकडे किंवा लॉजवर विश्रांती घेऊन ताज्या मनाने निघता येते. मोटारीने जायचे झाल्यास महामार्गाच्या रुंदीकरणाची कामे, खंबाटकी घाट आणि पुण्याजवळची कोंडी यांसाठी भरपूर वेळ हाताशी ठेवावा.

जुलै-ऑगस्टमध्ये प्रवास असेल तर तिकीट काढतानाच पंचगंगेचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पाणी आल्यामुळे राष्ट्रीय महामार्ग बंद झाला होता आणि रेल्वेही विस्कळीत झाली होती. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाण्याची पातळी इशाऱ्याकडे सरकू लागली की वाट न पाहता पुण्याला किंवा मुंबईला जाऊन थांबावे. दोन दिवसांच्या मुक्कामाचा खर्च बुडालेल्या तिकिटापेक्षा कितीतरी कमी असतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईला विमान आहे, पण त्या तिकिटाचा पुढच्या आंतरराष्ट्रीय तिकिटाशी संबंध नसेल तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.

निवृत्त_शिक्षक

सर्वांचे प्रतिसाद वाचून समाधान वाटले. कोल्हापूरला इंग्लंडचा प्रवास नवा नाही. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे वयाच्या विसाव्या वर्षी निवर्तले. आर्नो नदीच्या काठी त्यांची छत्री आजही उभी आहे. पुढे राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी गेले, आणि ते तिकडे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा करवीर सरकारने प्रसिद्ध केला. राजघराण्यातल्या तरुणालासुद्धा परमुलखात आजारपणाने गाठले, हे ध्यानात घेऊन ज्येष्ठांच्या प्रकृतीची तयारी सर्वांत आधी करावी, असे मला वाटते.

गोळ्या मूळ पाकिटातच, इंग्रजीत लिहिलेल्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत असाव्यात. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिकडे चालत नाहीत. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीही देऊ नये, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. मुंबई ते लंडन थेट विमानालाही नऊ-दहा तास लागतात, तेव्हा मधून मधून उठून चालावे आणि पाणी पीत राहावे. पहिल्या प्रवासाला थोडे महाग पडले तरी थेट विमानच घ्यावे. परक्या विमानतळावर दुसरे दार शोधण्याचा ताण वृद्धांवर टाकू नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी अंबाबाईचे दर्शन, निघताना हातावर दही-साखर आणि मुहूर्त चुकणार असेल तर शेजारच्या घरी सुपारीचे प्रस्थान, हे सर्व अवश्य करावे. आईवडिलांच्या मनाला त्याने जो धीर येतो तो कोणत्याही विमापत्राने येत नाही.

पंचगंगाकाठ

सर, आपला प्रतिसाद वडिलांना फोनवर वाचून दाखवला. त्यांना फार आनंद झाला.

विमानतळावरची व्यवस्था आम्ही अशी केली. तिकीट काढतानाच दोघांसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवली. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत, आणि खरा उपयोग असा की सोबतचा कर्मचारी तपासणी, इमिग्रेशन व विमानाचे दार या सर्व ठिकाणी स्वतः घेऊन जातो. आईला चांगले चालता येते, त्यामुळे तिला आधी संकोच वाटत होता. हीथ्रोवर चालावे लागणारे अंतर सांगितल्यावर ती तयार झाली.

दोघांच्याही गळ्यातल्या पाकिटात एक जाड कागद ठेवला. त्याच्या एका बाजूला इंग्रजीत बहिणीचे नाव, पत्ता, फोन, परतीची तारीख आणि घेत असलेल्या औषधांची नावे होती, आणि दुसऱ्या बाजूला तीच माहिती मराठीत मोठ्या अक्षरांत होती. इंग्लंडमध्ये उतरल्यावर भरून द्यायचा कागद २०१९ पासून बंद झाला आहे, परंतु भारतीय पासपोर्टधारकाला अधिकाऱ्यासमोर उभे राहावेच लागते. कोणाकडे आलात, किती दिवस राहणार, परत कधी जाणार, असे साधे प्रश्न असतात. भाषा कळली नाही तर अंदाजाने मान डोलावू नये, "मराठी" एवढेच शांतपणे सांगावे. दुभाष्याची मदत घेता येते. निमंत्रणपत्र व परतीचे तिकीट छापील स्वरूपात हाताशी असू द्यावे, कारण फोनची बॅटरी नेमकी त्याच वेळी संपते. बहीण व मेहुणे हीथ्रोवर न्यायला आले होते. ज्यांना ते शक्य नसेल त्यांच्यासाठी तिथून लेस्टरकडे थेट बसही आहे, पण पहिल्या खेपेस कोणीतरी समोर उभे असावेच.

फडकरी

ताई, अजून एक शंका. वडील दहावी झालेले नसल्याने त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शिक्का आहे. गावात कोणीतरी सांगितले की त्यामुळे मुंबईला विमानतळावर अडवतात आणि आधी सरकारी परवानगी काढावी लागते. हे खरे आहे का?

पंचगंगाकाठ

दादा, माझ्या वडिलांच्या पासपोर्टवरही तोच शिक्का आहे. ती परवानगी आखाती देश, मलेशिया अशा ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते. इंग्लंड त्या यादीत नाही, आणि आपले वडील नोकरीसाठी जातही नाहीत. मुंबईच्या इमिग्रेशनला कोणी विचारलेच तर व्हिसा, परतीचे तिकीट आणि मुलीचे पत्र दाखवावे. बिनधास्त तारीख ठरवा. उसाची बिले आणि सोसायटीचा उतारा मात्र आजच मागून ठेवा, कारण मार्चअखेरीला सचिवांना मान वर करायलाही वेळ नसतो.